१० एक्सवर पेशी स्पष्ट, ४५ लावलं की धूसर. भिंगं गेली का?

घोडबंदरची_बाई
नववीला कांद्याच्या सालीची स्लाइड चालू आहे. मायक्रोस्कोप साधे, आरशाचे. आयपीस (डोळ्याकडचं भिंग) १० एक्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं; ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचं भिंग) १० आणि ४५. दहावर पेशी स्वच्छ दिसतात. ४५ फिरवलं की चार गटांना नुसता पिवळट उजेड, बारीक नॉब कितीही फिरवा. गंमत म्हणजे गटांनी मायक्रोस्कोप बदलले तरी तक्रार त्याच चार गटांची. दुरुस्तीला पाठवू का?

कव्हरस्लिप
पाठवू नका. दोष गटाबरोबर फिरतोय, म्हणजे तो स्लाइडमध्ये आहे. आधी बघा, स्लाइड पालथी तर नाही ना? मुलं खालचं पाणी पुसायला स्लाइड उचलतात आणि ठेवताना उलटी ठेवतात. काचपट्टी साधारण १ ते सव्वा मिलिमीटर जाड, आणि ४५ च्या भिंगाला फोकससाठी समोर जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा. साल काचेच्या पलीकडे गेली की भिंग तिथवर पोचतच नाही, आधी काचेला टेकतं. दहाच्या भिंगाला काही मिलिमीटर जागा असते, म्हणून त्याला पालथी स्लाइडही चालते. तिथेच फसगत होते.

ओळखायला सोपं: कव्हर स्लिप (सालीवरची पातळ काच) लावली त्याच बाजूला कोपऱ्यात मार्करने 'क' लिहायला सांगा. उलटा वाचला तर स्लाइड पालथी. 'ठ' किंवा शून्य नको, ते दोन्हीकडून सारखंच दिसतं!

वाशी_लॅब
वरचं बरोबर. तरी सालही तपासा. फोडीच्या खोलगट, आतल्या बाजूचा पापुद्रा हवा. फोड मोडायची, तुटल्या कडेला लोंबणारा पापुद्रा चिमट्याने ओढायचा, ५ मिलिमीटरचा तुकडा लगेच पाण्यात. हवेत ठेवला की गुंडाळतो, मग दोन थर एकावर एक येतात आणि ४५ वर एकही धड दिसत नाही.

सॅफ्रानिनचा (लाल रंग) एकच थेंब, अर्धा-एक मिनिट, मग पाण्यात धुवा. कव्हर स्लिप सुईवर तिरकी टेकवून सावकाश सोडा. कडेचं जास्तीचं पाणी टिपकागदाने ओढून घ्या, नाहीतर काच तरंगते आणि रंग थेट भिंगाला लागतो. भिंग लेन्स पेपरनेच पुसा. रुमाल, ओढणी नको.

काळ्या जाड कडेचे गोल म्हणजे हवेचे बुडबुडे. जर्नलमध्ये दरवर्षी निम्मी मुलं तेच केंद्रक म्हणून काढतात. खरं केंद्रक लालसर ठिपका, बहुधा पेशीच्या भिंतीलगत.

४५ वर मोठ्या नॉबला हात नाही. दहावर फोकस करा, हवा तो भाग मधोमध आणा, बाजूने बघत ४५ फिरवा, मग फक्त बारीक नॉब. कंडेन्सर (स्लाइडखालचं, उजेड एकवटणारं भिंग) नसेल तर आरशाची अंतर्गोल बाजू लावा. मात्र थेट ऊन आरशावर घेऊ नका, डोळ्याला धोका.

घोडबंदरची_बाई
तीन स्लाइड पालथ्या निघाल्या. चौथीत साल दुमडलेली होती. पावसाळ्यात भिंगं कुठे ठेवता?

वाशी_लॅब
घट्ट झाकणाच्या डब्यात, निळ्या सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे). दाणे गुलाबी झाले की बदला. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्यावर ठेवलीत तर भिंगाला बुरशी धरते, आणि ती पुसून जात नाही.