एसडीआरवरून एम१७ आवाज: संकेत दिसतो, पण फ्रेम मिळत नाही

प्रश्न, मुलुंड:
माझ्याकडे जनरल ग्रेडचा हॅम (हौशी रेडिओ) परवाना आहे. हॅकआरएफ या एसडीआरवरून (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओवरून) ग्नू रेडिओ या प्रोग्रॅमच्या साहाय्याने ४३४.५ मेगाहर्ट्झवर एम१७ (हॅम मंडळींची डिजिटल आवाजाची पद्धत) पाठवून, तो संकेत ६० डेसिबलच्या अटेन्युएटरमधून (संकेत क्षीण करणाऱ्या जोडणीतून) केबलनेच आरटीएल डोंगलवर (यूएसबीला लावायच्या छोट्या एसडीआर रिसीव्हरवर) घेत आहे. वॉटरफॉलवर (वारंवारतांच्या सरकत्या चित्रावर) संकेत ठसठशीत दिसतो, मात्र डिकोडर एकही फ्रेम (डेटाचा ठरावीक तुकडा) पकडत नाही. आवाजाचे डेटात रूपांतर करणाऱ्या कोडेक२ ची मांडणी चुकली असेल का? हे जमल्यावर गच्चीवरील ॲन्टेना जोडून १४५ मेगाहर्ट्झवर प्रयत्न करण्याचा विचार आहे.

उत्तर, दादर:
फ्रेमच मिळत नसेल, तर कोडेकपर्यंत गाडी पोचलेलीच नाही. आधी वारंवारता तपासावी. एम१७ मध्ये सेकंदाला ४८०० चिन्हे जातात आणि प्रत्येक चिन्ह वाहकलहरीला ०.८ किंवा २.४ किलोहर्ट्झने वर वा खाली सरकवते. वारंवारता ठरवणाऱ्या साध्या क्रिस्टलमध्ये दशलक्षात २० भागांची चूक असली, तरी ४३४.५ वर ती सुमारे ८.७ किलोहर्ट्झ भरते. त्यात दोन्ही उपकरणांच्या चुका विरुद्ध दिशांच्या असल्या, तर त्यांची बेरीजच होते. एफएम डिमॉड्युलेटरनंतरची लहर पाहावी. चारही पातळ्या शून्याच्या एकाच बाजूला दिसल्या, तर दुखणे हेच. डोंगलची चूक २जी टॉवरच्या संकेतावरून मोजता येते, कारण त्याची वारंवारता काटेकोर राखलेली असते, आणि मुंबईत टॉवरांना तोटा नाही. पातळ्या मध्यावर असूनही फ्रेम मिळाली नाही, तर मात्र संकेताची ध्रुवता उलटी झाली आहे का (वरच्या पातळ्या खाली, खालच्या वर), ते बघावे.

उत्तर, गोरेगाव:
वरील मताशी सहमत. गच्चीची घाई मात्र करू नये. हॅकआरएफच्या आउटपुटला पुरेसा फिल्टर नसतो, त्यामुळे १४५ ची तिसरी हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट उमटणारा नको असलेला संकेत) थेट ४३५ वर, म्हणजे आपल्याच ४३४ ते ४३८ च्या पट्ट्यात उमटते. मूळ शक्ती काही मिलीवॉटच असल्याने तुम्ही ॲम्प्लिफायर लावणारच (सगळेच लावतात!), आणि तो हार्मोनिकही इमानेइतबारे वाढवील. म्हणून लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) ॲम्प्लिफायरच्या पुढे, ॲन्टेनाच्या बाजूला हवा, आणि तोवर डमी लोडच (ॲन्टेनाऐवजी शक्ती जिरवणारा रोध) बरा.

प्रश्नकर्ता, मुलुंड:
चारही पातळ्या वरच्या बाजूलाच होत्या. डोंगलची दुरुस्ती भरून ट्यूनिंग वर नेताच कॉलसाइन (परवानाधारकाचे ओळखचिन्ह) पडद्यावर आला आणि आवाजही स्वच्छ ऐकू आला. १४५ चा फिल्टर लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तयार मिळतो, की कॉइल घरीच गुंडाळावी?

उत्तर, गोरेगाव:
घरीच गुंडाळावी, फक्त कपॅसिटर चांगले घ्यावेत. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).