टेलिफोन बिलात ‘सरकारमान्य’ काय काय?

बी-२०४ काका: सुप्रभात. बिलाचा फोटो टाकलाय. प्लॅन ४९९ चा आणि बिल ७०६ रु. ८२ पैसे! कस्टमर केअरची मुलगी म्हणते, “सर, सगळे चार्जेस सरकारमान्य आहेत.” म्हणजे आपण तोंड उघडायचंच नाही का? त्यात ५३.९१ दोनदा लावलेत.

सी-३०१: काका, काढून टाका ती लँडलाइन. मोबाइलला २९९ मारले की विषय संपला. टॅक्स नाही, काही नाही.

ए-५०२ ताई: थांबा जरा. टेलिफोन खात्यात बिलिंगला ३१ वर्षं काढलीत मी.
काका, दोनदा नाही घेतलेले. जीएसटी १८ टक्के, त्यातले ९ केंद्राचे, ९ राज्याचे, म्हणून दोन ओळी. तुमच्या बिलात सरकारचे ते १०७ रु. ८२ पैसेच. बाकीचं सगळं कंपनीचं.
आणि सी-३०१, तुझ्या २९९ मध्ये कर नाही कसा? २५३ रु. ३९ पैशांचा रिचार्ज, ४५ रु. ६१ पैसे कर. आत दडलेला आहे म्हणून दुखत नाही.

सी-३०१: 🙈

बी-२०४ काका: पण ताई, ४९९ चे १८ टक्के ८९.८२ होतात. मी अजून तोंडी हिशेब करतो. वरचे १८ रुपये कुठून आले?

ए-५०२ ताई: फोटो मोठा करा. खालून तिसरी ओळ, विलंब शुल्क १००. उशिराचा आकारही कायद्याने सेवेच्या किमतीतच धरतात, त्यामुळे त्यावरही जीएसटी. शंभराचे एकशे अठरा.

ए-१०३ काकू: दंडावर पण कर??

बी-२०४ काका: मी आणि उशीर? १४ तारखेला भरलंय, मुदत १५ होती. पावती आहे माझ्याकडे.

ए-५०२ ताई: मग भांडायचं ते या ओळीवर. पैसे त्यांच्याकडे उशिरा जमा दिसत असणार. तक्रार करा, डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून घ्या. नाही ऐकलं तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे. ट्रायला, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवरच्या नियामकाला, पत्र लिहू नका, ते एकेका ग्राहकाची तक्रार घेत नाहीत. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये तसा निकाल दिलाय.

सेक्रेटरी: ताई, ‘सरकारमान्य’ म्हणजे नक्की काय मग?

ए-५०२ ताई: बहुतेक दर आता कंपन्याच ठरवतात. नवा प्लॅन काढला की कामाच्या सात दिवसांत ट्रायला कळवायचा, एवढंच बंधन. कळवलं म्हणजे मान्य झालं, असं ग्राहकाला सांगायला सोपं जातं. त्या मुलीला बोलू नका, तिला जे शिकवलं ते ती बोलते.
सरकार कंपनीकडूनही लायसन्स फी घेतं, एजीआरच्या, म्हणजे ठरावीक वजावटी जाऊन उरलेल्या उत्पन्नाच्या, ८ टक्के. त्यातले ५ डिजिटल भारत निधीत जातात, आधी त्याला यूएसओ फंड म्हणायचे, खेड्यापाड्यांतल्या फोन-इंटरनेटसाठी. पण ती कंपनीने भरायची. तुमच्या बिलात तशी वेगळी ओळ दिसली तर आधी मला फोटो पाठवा.

ए-१०३ काकू: आमच्या लेकीचं न्यू जर्सीचं बिल बघा एकदा. ९११ ची, म्हणजे तिकडच्या आणीबाणीच्या नंबरची, फी ९० सेंट, ती सरकारी. युनिव्हर्सल सर्व्हिसचा, म्हणजे सगळ्यांपर्यंत फोन पोचवण्याच्या निधीचा, आकार कंपनीला भरावा लागतो, गिऱ्हाइकाकडून घ्यायचा की नाही ते कंपनी ठरवते. आणि ‘अॅडमिनिस्ट्रेटिव्ह फी’ तर चक्क कंपनीची स्वतःची! ती वर्षभर टॅक्स समजून भरत होती.

ए-५०२ ताई: तिकडेही तेच तर. १ जुलै १९९४ ला सेवा कर आला तेव्हा पहिल्या तीन सेवांत आपला टेलिफोन होता. ५ टक्के. लोक काउंटरवर येऊन भांडायचे हो! आज कोणी ५ टक्के केला तर पेढे वाटतील.

बी-००१ स्टेशनरी: मला दुकानाच्या फोन बिलातल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं ना, म्हणजे माझ्या करातून वजा होतो ना?

ए-५०२ ताई: बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर. घरच्या नावाचं बिल असेल तर विसरा.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर, गेटवरच्या वॉचमनच्या पोस्टपेड फोनचं बिल आत्ताच बघितलं. ‘मूल्यवर्धित सेवा’ म्हणून दर महिन्याला पैसे जातायत, आठ महिने झाले. काय आहे हे?

ए-५०२ ताई: कॉलर ट्यून असेल. कोणीतरी चुकून बटण दाबलं असणार. खरं तर २०१३ पासून दुसऱ्यांदा होकार घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येत नाही. १५५२२३ ला फोन करा, टोल फ्री आहे, बंद होईल. आणि तो दुसरा होकार कुठे आहे ते विचारा, नसेल तर पैसे परत मागा.

सेक्रेटरी: आत्ता गेटला फोन लावून पाहिला. भूपाळी वाजते 😀 लगेच बंद करतो.

बी-२०४ काका: अहो सेक्रेटरी, पैसे परत मागा, पण ती भूपाळी राहू द्या. पाणी आलं का विचारायला रोज पहाटे साडेपाचला मीच फोन लावतो गेटला.