मदत हवी आहे: गणितज्ञ ऑयलरने २१४७४८३६४७ तपासताना वापरलेल्या विभाजकांच्या अटीतला ८ कुठून आला?

नमस्कार मंडळी. २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १, ही मूळ संख्या आहे हे ऑयलरने १७७२ साली दाखवलं. (प्रोग्रामिंगवाल्यांना ३२ बिटांच्या इंटची कमाल किंमत म्हणून ही ओळखीची असेलच.) वर्गमूळ ४६३४० च्या पुढे जेमतेम जातं, पण तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायची गरजच नव्हती. २४८क + १ किंवा २४८क + ६३ या रूपातल्या तपासल्या की झालं.

यातलं अर्धं कळलं. फर्माच्या छोट्या प्रमेयावरून मूळ विभाजकाला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरणार, हे ठीक. पण ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च का? (६२ आणि ८ चा लसावि २४८, म्हणून या दोन अटी मिळून वरची रूपं येतात.) २ चा ११ वा घात वजा १, म्हणजे २०४७ = २३ × ८९ घेऊन पाहिलं, बाक्या ७ आणि १, म्हणजे जुळतंय. २ चा ३२ वा घात हा पूर्ण वर्ग आणि त्याची विभाजकाने बाकी २, इथवर मी येतो. पुढे गाडी अडते. जिथे बघावं तिथे हा भाग वर्गशेषांचा (म्हणजे पूर्ण वर्गांना भागून उरणाऱ्या बाक्यांचा) नियम म्हणून दोन ओळींत उरकलेला!

बारावीच्या गणितावर कुणी समजावून सांगेल का? छोट्या संख्येवर करून दाखवलंत तर फारच छान.