वाचनालयातलं काव्यवाचन: लोकांना दुसऱ्यांच्या कविता वाचायला कसं लावायचं?

देवघेव_टेबल
मंडळी, मी एका वाचनालयात देवघेवीला बसते. महिन्यातून एकदा संध्याकाळी आमच्याकडे काव्यवाचन असतं. गर्दीचा प्रश्न नाही, माणसं येतात. पण जो तो स्वतःची कविता घेऊन येतो, नंबर लागेपर्यंत मोबाइलवर तीच पुन्हापुन्हा वाचत बसतो आणि वाचून झाली की चपला शोधायला लागतो. शेवटच्या कवीला श्रोते उरतात दोन: मी आणि शिपाईकाका. काकांच्या हातात तोवर कुलूप आलेलं असतं.

आणि तिथून दहा पावलांवर कवितेचं कपाट! पुस्तकं कोरी करकरीत. मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर एखादा शिक्का असला तर असला. या कवींना न दुखावता गाडी त्या कपाटाकडे कशी वळवायची? शिवाय दुसऱ्याची कविता जाहीर वाचली तर कायद्याची काही भानगड होते का?

जुना_ग्रंथपाल
ताई, तुमच्याकडे चालतं ते कविसंमेलन. काव्यवाचन वेगळं. दोन्ही एकाच संध्याकाळी कोंबलं की कविसंमेलनच जिंकतं, कारण माणसाला स्वतःचा आवाज गोड लागतो.

आम्ही एकच नियम केला. वाचायची ती कविता वाचनालयाच्या पुस्तकातून, पुस्तक हातात धरून. मोबाइल नाही, झेरॉक्स नाही, स्वतःची नाही. नेहमीचे बरेच कवी फिरकेनासे झाले, खोटं कशाला सांगू. त्यांच्या जागी जे आले त्यांनी आयुष्यात एक ओळ लिहिलेली नव्हती. एक गृहस्थ वर्षानुवर्षं फक्त वर्तमानपत्रासाठी येत. ते उठले आणि शाळेत पाठ केलेली कविता वाचू लागले. वाचू लागले म्हणजे काय, पुस्तकाकडे बघतही नव्हते. तिसऱ्या कडव्यापाशी अडखळले. म्हणाले, "हे कडवं आम्हाला नव्हतं." पाठ्यपुस्तकवाल्यांनी गाळलेलं असणार. चष्मा सारखा केला, कडवं आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. दाद त्या कडव्याला मिळाली आणि पुस्तक त्याच संध्याकाळी त्यांच्या नावावर चढलं.

कल्पना माझी नाही. अमेरिकेचे तेव्हाचे राजकवी रॉबर्ट पिन्स्की यांनी १९९७ मध्ये लोकांना आवाहन केलं होतं की आपली आवडती कविता कळवा. वर्षभरात १८,००० लोकांनी कळवलं. असे वाचक आपल्याकडेही असतात, आपण त्यांना विचारत नाही इतकंच.

आता कपाट. तुमचं वर्गीकरण ड्यूईचं, म्हणजे पुस्तकांना विषयवार आकडे देऊन लावायच्या पद्धतीचं असेल तर कविता एका कपाटात नसतेच. ड्यूई आधी भाषा बघतो, मग साहित्यप्रकार. मराठी कविता ८९१.४६१, हिंदी ८९१.४३१, इंग्रजी ८२१. पोलिश कवितेचा मराठी अनुवाद मूळ भाषेमागे जाऊन ८९१.८५१ मध्ये बसतो, अनेक भाषांतले निवडक संग्रह ८०८.८१ मध्ये आणि बालगीतं बालविभागात. मांडणीला हे ठीकच आहे, पण वाचकाची वणवण होते. म्हणून वाचनाच्या आठवड्यात एक टेबल मोकळं करा आणि सगळीकडून पुस्तकं आणून एका विषयाखाली मांडा. पाऊस, आई हे विषय कृपा करून नकोत. रात्रपाळी, आजारपण, न टाकलेलं पत्र, भाऊबंदकी असं काहीतरी घ्या. पानात कागदाची पट्टी घाला, कविता सापडली पाहिजे.

आणखी एक. आपल्या तालिकेला, म्हणजे ग्रंथांच्या यादीला, पुस्तक माहीत असतं, आतली कविता माहीत नसते. सभासद येतो तो अर्धवट आठवणारी ओळ घेऊन. इंग्रजीत ग्रेंजरची कवितासूची १९०४ पासून याच कामासाठी आहे. आपण साधी वही घालावी: पहिली ओळ, कवी, पुस्तक, पान. दर कार्यक्रमात वाचल्या गेलेल्या कवितांपासून सुरुवात करा, आपोआप वाढते.

कलम_बावन्न
कायद्याचं मी सांगतो. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ बघा. प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला त्यात मुभा आहे. हौशी मंडळानं तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणालाही आहे. घोळ होतो तो चित्रीकरण करून यूट्यूबवर चढवल्यावर किंवा कवितांच्या प्रती वाटल्यावर. तिथे परवानगी घ्या.

कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. केशवसुत (१९०५) आणि बालकवी (१९१८) कधीच मोकळे झाले. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या. अनुवादकाचा हक्क मात्र स्वतंत्र असतो, हे लोक हमखास विसरतात.

यमक_जुळेना
मी त्या चपला शोधणाऱ्यांपैकीच, म्हणून बोलतो. नवीन लिहिणाऱ्याला दुसरं व्यासपीठ कुठे आहे? संपादक उत्तर देत नाहीत, घरचे ऐकत नाहीत. जुना_ग्रंथपाल यांचा नियम मला जाचक वाटतो. वाचनालयानंच दार लावलं तर जायचं कुठे?

जुना_ग्रंथपाल
दार लावू नका, उंबरठा ठेवा. आधी पुस्तकातली एक, मग स्वतःची एक. पण पुस्तकातली मागच्या महिन्यातली चालणार नाही. आमच्याकडे आता असंच आहे. गेलेले कवी त्या अटीवर परतले आणि त्यांतले दोघे तर हल्ली स्वतःचीच वाचायची टाळतात!

देवघेव_टेबल
सगळ्यांचे आभार. 'आधी पुस्तकातली, मग स्वतःची' हे आमच्या कार्यवाहांना पटण्यासारखं आहे. विषय 'रात्रपाळी' घेते, शिपाईकाकांनाच पहिली वाचायला सांगणार आहे. जुना_ग्रंथपाल, पट्टी घातलेली पुस्तकं टेबलावर असताना कुणी घरी न्यायला मागितली तर द्यायची की कार्यक्रम होईपर्यंत अडवायची?

जुना_ग्रंथपाल
द्यायची! पट्टीसकट.