कमी पैशांत शिडाच्या नौकेवर राहायचे आहे: 38 फुटांची जुनी नौका घ्यावी का?

काठावरचा:

नमस्कार. मी आणि माझी पत्नी पुढील तीन-चार वर्षे शिडाच्या नौकेवरच राहण्याचा, आणि किनाऱ्याकिनाऱ्याने, जमल्यास थोडे पुढेही, प्रवास करण्याचा विचार करीत आहोत. दोघांचेही प्राथमिक प्रशिक्षण झाले आहे आणि इतरांच्या नौकांवर हाताखाली काम करीत आम्ही दोन मोसम काढले आहेत. परंतु स्वतःची नौका कधी बाळगलेली नाही. गाठीशी बेताची बचत आहे. पत्नीचे भाषांतराचे काम संगणकावरून चालू राहील, त्यामुळे दरमहा थोडी आवक राहील.

सध्या 38 फुटांची, चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली फायबरग्लासची एक नौका आश्चर्य वाटावे इतक्या कमी किमतीत मिळत आहे. मालकांच्या मते तिचे ‘थोडेसे काम’ बाकी आहे. ती घेतली तर निम्मी बचत तिच्यात जाईल. तेवढ्याच पैशांत 28 फुटांची, बऱ्या स्थितीतील दुसरी नौकाही मिळते, पण तिच्या आत मी उभा राहिलो की डोके छताला लागते.

नौकेच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी देखभालीसाठी बाजूला ठेवावी, असा ठोकताळा अनेक ठिकाणी वाचला. तो खरा धरला तर स्वस्त नौकेची देखभालही स्वस्तच पडायला हवी. जेवणखाण घरीही लागतेच, आणि वारा तर फुकट आहे. मग माणसे या जीवनाला महाग का म्हणतात, आणि पैसा नेमका जातो कशात?

नांगरपेटी:

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी एका वाक्यात देते: नौकेवर पैसा चालण्यात जात नाही, थांबण्यात जातो. आम्ही दोघे नऊ वर्षे 29 फुटांच्या नौकेवर राहत आहोत, आणि खर्चाची वही उघडली की दर वर्षी तेच दिसते. मरीनातील, म्हणजे भाडे देऊन नौका बांधून ठेवण्याच्या धक्क्यावरील, मुक्काम, नौका पाण्याबाहेर काढून ठेवण्याचे भाडे, आणि सुट्या भागांची वाट पाहत धक्क्याला बांधून काढलेले आठवडे. समुद्रावर असतो तेव्हा मात्र खर्च करायला वावच नसतो.

दहा टक्क्यांचा ठोकताळा स्वस्त नौकेला लावू नका. शिडे शिवणारा तुमची नौका कितीला पडली हे विचारत नाही. तो कापड मोजतो. मरीना लांबी मोजते, नौका उचलणारी क्रेनही लांबी किंवा वजनच मोजते. 28 फुटांवरून 38 फुटांवर गेलात की लांबी तिसऱ्या हिश्शाने वाढते, पण सारख्या घडणीच्या नौकांमध्ये शिडांचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते आणि वजन अडीच पटींपर्यंत जाते. त्या वजनाला साजेसा नांगर, साखळी, दोर, कप्प्या, इंजिन, सगळेच पुढच्या मापाचे लागते. बदल्यात वेग किती मिळतो? नौकेची पाणरेषेवरील लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणले की तिचा साधारण कमाल वेग नॉटमध्ये (म्हणजे ताशी सागरी मैलांत) येतो. पाणरेषा 23 फूट असेल तर सुमारे 6.4 नॉट, 31 फूट असेल तर सुमारे 7.5. म्हणजे फरक एका नॉटचा, आणि तोही वारा मनासारखा असेल तेव्हा.

आता थांबण्याविषयी. ज्याला नांगरावर निर्धास्त झोपता येते त्याला मरीनाची गरज क्वचित पडते. ज्याला येत नाही तो दर संध्याकाळी भाडे भरतो. म्हणून नौका लहान घ्या, पण नांगर तिच्या मापापेक्षा एक आकार मोठा घ्या. साखळी किती सोडायची याचा हिशेब करताना नवशिके फक्त खोली धरतात. समजा ओहोटीला पाणी 5 मीटर आहे, भरतीला 2 मीटर चढणार आहे आणि नौकेचे पुढचे टोक पाण्यापासून 1 मीटर उंच आहे. तर हिशेब 8 मीटरवर करायचा. पूर्ण साखळी असेल तर त्याच्या पाचपट, म्हणजे 40 मीटर. थोडी साखळी आणि पुढे दोर असेल तर सातपट, म्हणजे 56 मीटर. नंतर इंजिन उलटे फिरवून नांगर रुतवायचा, आणि त्याच वेळी ताणलेल्या साखळीवर तळहात टेकवायचा. नांगर धरला असेल तर साखळी नुसती ताठ लागते. घसरत असेल तर तळाच्या वाळूतील प्रत्येक धक्का, एखादी गाडी खडीवरून जावी तशी थरथर होऊन, हातापर्यंत पोहोचतो. हे पडद्यावरील नकाशा सांगतो त्याच्या कितीतरी आधी कळते.

डोके छताला लागण्याविषयी म्हणाल, तर आत आपण बहुतेक वेळ बसलेले किंवा झोपलेलेच असतो. दोन आठवड्यांत मान आपोआप वाकायला शिकते. (माझ्या पतीच्या कपाळावर मात्र अजूनही एक कायमची खूण आहे.)

जुने तणावे:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी फक्त त्या ‘थोडेसे काम’ या दोन शब्दांविषयी लिहितो, कारण त्या शब्दांची पुरेपूर किंमत मी मोजली आहे.

माझी पहिली नौकाही अशीच ‘थोडेसे काम’ बाकी असलेली, 36 फुटांची. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले, आतले लाकूड चकचकीत, गाद्या नव्या. मी भाळलो. डेकवरून चालताना डोलकाठीशेजारी पाऊल किंचित दबते, हे मला जाणवले होते. पण नौका आवडली की माणूस पायाचेही ऐकत नाही. फायबरग्लासच्या बहुतेक जुन्या नौकांचे डेक हे दोन पातळ थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड घालून केलेले असते. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत मुरले की मधले लाकूड कुजते, आणि वरून मात्र काहीच दिसत नाही. माझ्या नौकेत ही कूज डोलकाठीला उभी धरणारे पोलादी तणावे ज्या पट्ट्यांना बांधलेले असतात, त्या पट्ट्यांपर्यंत गेली होती. डेक कापून नवे लाकूड बसविण्यात एक अख्खा मोसम गेला, आणि त्या काळातील धक्क्याचे भाडे हे सामानाच्या खर्चापेक्षा जास्त झाले. पैसा थांबण्यात जातो, तो असा.

मडके वाजवून घ्यावे असे आपण म्हणतो, तेच इथे अक्षरशः करायचे आहे. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि वीत-वीत अंतरावर डेक ठोकत चला. निरोगी भाग खणखणीत वाजतो; कुजलेला भाग बद्द वाजतो. दोरांच्या कप्प्या, खिडक्या आणि तणाव्यांच्या पट्ट्या यांच्याभोवती विशेष हळू चला. बद्द आवाज आला तिथे खडूने खूण करा आणि शेवटी दूर उभे राहून पाहा. खडूच्या खुणा सुट्या-सुट्या असतील तर सौदा करता येतो. त्या एकमेकींना मिळाल्या असतील तर चहा घेऊन निघावे.

तणावे किती जुने आहेत हेही विचारा, आणि उत्तर कागदावर मागा. स्टेनलेस स्टीलचे तणावे साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलावेत असे मानले जाते आणि जुन्या नौकेचा विमा उतरवताना हाच प्रश्न पुढे येतो. हे पोलाद गंजते ते उघड्यावर नव्हे, तर जिथे हवा पोहोचत नाही आणि ओल टिकते तिथे, म्हणजे नेमके दिसत नाही अशा जागी. पाणरेषेखालच्या प्रत्येक झडपेची मूठ स्वतः फिरवून पाहा. फिरत नसेल ती झडप नाही, नुसते भोक आहे असे समजा. आणि झडप तुटली तर भोक बुजवता यावे म्हणून प्रत्येक झडपेशेजारी तिच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवा.

इंजिनाविषयी थोडक्यात: पाण्याच्या पंपातील रबरी पंखा आणि डिझेलचे फिल्टर स्वतः बदलता आले, तर निम्म्या अडचणी तिथेच संपतात. टाकीत साचलेल्या पाण्यात डिझेलवर जगणारे जंतू वाढतात आणि त्यांचा चिकट गाळ फिल्टर बुजवतो. टाकी खवळलेल्या समुद्रात घुसळली जाते तेव्हाच तो वर येतो, हे लक्षात असू द्या.

मंदवारा:

दोन्ही उत्तरे अनुभवाची आहेत, तरीही मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. ‘नांगरावर राहा आणि पैसे वाचवा’ हा सल्ला ज्यांना कुठेही वेळेवर काम पोहोचवायचे नसते त्यांच्यासाठी ठीक आहे. तुमच्या घरात एक व्यक्ती संगणकावर काम करणार आहे आणि दरमहाची आवक तिच्यावर आहे. म्हणून नौकेवरची वीज हा तुमच्यासाठी ऐषाराम नव्हे, तो उत्पन्नाचा भाग आहे.

हिशेब करू. 50 वॉटचा संगणक पाच तास चालला तर 12 व्होल्टवर सुमारे 20 अँपिअर-तास जातात. लहान फ्रिज ठेवलात तर उष्ण हवेत 30 ते 50 आणखी. दिवे, पंप आणि इंटरनेटचे यंत्र धरून दिवसाला 80 च्या आसपास जाल. सपाट बसवलेला 100 वॉटचा सौर पट्टा चांगल्या उन्हात दिवसाला 25 ते 30 देतो, तोही त्यावर शिडाची सावली पडली नाही तर. म्हणजे किमान 300 वॉट हवेत, आणि 28 फुटांच्या नौकेवर तेवढे पट्टे मांडायला जागा शोधावी लागते. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली उतरवू नयेत, अन्यथा त्या लवकर मरतात; त्यामुळे 80 वापरायचे तर 160 ची क्षमता, आणि ढगाळ दिवसासाठी त्याहून अधिक. फ्रिज सोडलात तर हे सगळे गणित जवळजवळ निम्म्यावर येते. आम्ही फ्रिज काढून त्या जागी सुटे भाग ठेवतो, आणि मला त्याची खंत वाटत नाही.

लहान नौकेचे कौतुक करताना लिन आणि लॅरी पार्डी यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. त्यांनी 24 फुटांच्या, इंजिनही नसलेल्या ‘सेराफिन’ या लाकडी नौकेतून 11 वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, हे खरे आहे. पण ती नौका त्यांनी स्वतः बांधली होती, आणि वाटेत इतरांच्या नौका दुरुस्त करून व पोहोचवून ते पैसे मिळवीत. त्यांची काटकसर ही त्यांच्या हातातील कसबाची काटकसर होती. ज्याला अजून झडपही बदलता येत नाही त्याने लहान नौका घेऊनही पहिल्या दोन वर्षांत शिकण्याचा खर्च धरलाच पाहिजे.

शिवाय काही थांबणे टळत नाही. अटलांटिकमध्ये हरिकेन वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर मानला जातो, आणि अनेक विमा कंपन्या त्या काळात ठरावीक अक्षांशांच्या बाहेर राहण्याची अट घालतात. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतील सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, बाहेरच्या पाहुण्याला 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, तर युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याची नौका मात्र 18 महिने कर न भरता तिथे ठेवता येते. माणसाने बाहेर जायचे आणि नौकेने राहायचे, असा हा प्रकार आहे. अशा महिन्यांचे भाडे आधीच वर्षाच्या हिशेबात लिहून ठेवा.

काठावरचा:

तिघांचेही मनापासून आभार. काल स्क्रूड्रायव्हर आणि खडू घेऊन 38 फुटांची नौका पाहून आलो. डोलकाठीच्या दोन्ही बाजूंच्या खुणा पुढच्या खिडकीपर्यंत एकमेकींना मिळाल्या. मालक शेजारी उभे राहून पाहत होते; शेवटी त्यांनी स्वतःच खडू मागून घेतला आणि मला न सापडलेली एक जागा दाखवली. तणावे कधी बदलले हे त्यांना आठवत नव्हते. चहा घेऊन निघालो.

28 फुटांच्या नौकेचा डेक एक कोपरा सोडला तर खणखणीत आहे, आणि पत्नीने आत बसून दिवसभराचे काम करून पाहिले. तिला छताचा त्रास नाही, तक्रार माझ्या एकट्याची आहे. या नौकेवर सध्या 10 किलोंचा नांगर, 10 मीटर साखळी आणि बराच जुना दोर आहे. हे किती बदलावे?

नांगरपेटी:

तिन्ही बदला. आमच्या 29 फुटांच्या नौकेवर 15 किलोंचा नांगर, 8 मिलिमीटरची 30 मीटर साखळी आणि पुढे 14 मिलिमीटरचा 50 मीटर नायलॉनचा दोर आहे. साखळीचे वजनच 40 किलोंच्या वर भरते, म्हणून ती अगदी टोकाला न ठेवता शक्य तितकी मागे आणि खाली ठेवा. दोर नायलॉनचाच घ्या, कारण तो ताणला जातो आणि झटका सोसतो. तो जिथे कडेला घासतो तिथे जुन्या पाण्याच्या नळीचा तुकडा चढवा.

साखळीवर दर 10 मीटरला रंग न लावता प्लास्टिकच्या पट्ट्या आवळा: पहिल्या ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दोन, असे. अंधारात आणि पावसात रंग दिसत नाही, पट्ट्या बोटांनी मोजता येतात.