मदत हवी आहे: २०१७-१८ च्या रणजीची कात्रणं

राजेहो, आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी संक्रांतीनंतर टेनिस बॉलचे सामने असतात. यंदा मंडपात विदर्भाच्या पहिल्या रणजी विजेतेपदाचा फ्लेक्स लावायचा आहे.

इंदूरची फायनल सगळ्यांना पाठ आहे: दिल्लीवर ९ गडी राखून विजय, अक्षय वाडकरचं शतक, रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक. एका ओव्हरच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी, मग त्याच्या पुढच्या ओव्हरच्या पहिल्याच चेंडूवर ध्रुव शोरे. तिघांचेही दांडके उडाले! पण खरा जीव टांगणीला लागला तो कोलकात्याच्या सेमीफायनलला. कर्नाटकवर अवघ्या ५ धावांनी मात, गुरबानीचे दुसऱ्या डावात ७ बळी. अर्धा फ्लेक्स त्यालाच देणार, पोट्टे काही का म्हणेनात.

कोणाकडे २२ डिसेंबर २०१७ आणि २ जानेवारी २०१८ चे मराठी पेपर आहेत का? नागपूर किंवा अमरावती आवृत्ती असेल तर सोन्याहून पिवळं. फोटो उजेडात, फ्लॅश न लावता काढा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छापताना अक्षरं फाटतात. सेमीफायनलच्या शेवटच्या दिवसाची चेंडूगणिक नोंद कुठे मिळेल, तेही सांगा.