मदत हवी आहे: बाथरूमचं काम बिघडलंय, कॉन्ट्रॅक्टर दाद देत नाही (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी, बे एरियातल्या कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

वरच्या मजल्यावरचं बाथरूम गेल्या वर्षी नव्यानं करून घेतलं. आता शॉवर घेतला की खाली जेवणघराच्या छताला पिवळट डाग पसरतो. ड्रेनला बूच लावून शॉवरच्या तळात रात्रभर पाणी साठवलं, तर सकाळी पातळी चांगलीच उतरलेली! म्हणजे पाइप नाही, टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंगच गेलंय. कॉन्ट्रॅक्टर आधी "टाइल्सच्या फटींत ग्राउट भरून देतो" म्हणाला, हल्ली फोनच उचलत नाही. ग्राउटनं काय होणार, कप्पाळ!

त्याचं लायसन्स चालू आहे, सीएसएलबीच्या (कॅलिफोर्नियाचं कॉन्ट्रॅक्टर लायसन्स बोर्ड) साइटवर पाहिलं. तिथे तक्रार करायला पैसे पडत नाहीत आणि चार वर्षांची मुदत असते, एवढं कळलं. त्याचा २५,००० डॉलरचा बाँडही (भरपाईसाठीची हमी) आहे, पण तो सगळ्या तक्रारदारांत मिळून, त्यामुळे त्यावर फार भिस्त नाही.

माझी अडचण अशी: आधी बोर्डाकडे जावं की थेट स्मॉल क्लेम्स कोर्टात (लहान रकमांच्या दाव्यांचं कोर्ट)? तिथे वकील लागत नाही, पण मर्यादा १२,५०० डॉलर, आणि दुरुस्तीचं एक कोटेशन त्याच्या वर गेलंय. बोर्डाच्या आर्बिट्रेशनचा (लवादाचा) अनुभव आहे का कुणाला? निकाल लागेपर्यंत फोडाफोडी न करता थांबायचं, की फोटो आणि दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा लेखी रिपोर्ट घेऊन काम सुरू केलं तर चालतं? सासूबाई पुढच्या महिन्यात येतायत, आणि खालच्या मजल्यावर शॉवरच नाही.